मदत हवी आहे : रबाळ्याच्या लॅबमधली बिनपगारी इंटर्नशिप सोडू की पूर्ण करू?

नमस्कार. मी ठाण्यातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजात टीवायबीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. आम्हाला चार क्रेडिटची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आहे, म्हणजे १२० तास बाहेर काम करून रिपोर्ट द्यायचा. रबाळे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये जागा मिळाली. स्टायपेंड नाही हे आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलाखतीत म्हणाले होते की एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) शिकवू, आणि केवळ त्यासाठी मी दुसरी जागा सोडून इथे आले.

प्रत्यक्षात सकाळी गेलं की बेसिनपाशी आदल्या दिवशीचे पिपेट, ब्युरेट, फ्लास्क साचलेले असतात. ते घासायचे, डिस्टिल्ड वॉटरने खंगाळायचे, उपडे घालायचे. काही फ्लास्कना आतून थर बसलेला असतो, ते क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवतात आणि त्यातून काढायचं कामही माझ्याकडेच. हातमोजे मिळतात ते मिठाईच्या दुकानात घालतात तसले पातळ प्लास्टिकचे. दुपारनंतर सॅम्पलच्या बाटल्यांना लेबलं लावायची. एचपीएलसीची खोली काचेपलीकडे दिसते. आत येऊ का विचारलं की उत्तर ठरलेलं, "ऑडिट जवळ आलंय, नंतर बघू."

रेल्वेचं विद्यार्थी कन्सेशन घर ते कॉलेज एवढ्यापुरतंच असतं, त्यामुळे कळवा ते रबाळे पास पूर्ण पैशांनी काढावा लागला. ठाण्याला गाडी बदलायची, रबाळ्याला उतरून पुढे शेअर रिक्षा. बाबा काही बोलत नाहीत, पण घरचं बजेट मला माहीत आहे.

हे सगळं मी सहन केलं असतं. खरी अडचण परवापासूनची आहे. सॅम्पल ठेवायच्या फ्रीजला रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचा तक्ता आहे, २ ते ८ अंशांच्या मध्ये असायला हवं. त्यात मागच्या बऱ्याच तारखा कोऱ्या आहेत. सिनियरने तक्ता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चार-पाच असं काहीतरी भर, आणि खाली अमक्याची इनिशियल मार." "हातातली भांडी झाल्यावर बघते," म्हणून मी ते टाळलं. उद्या पुन्हा विचारतील. नाही म्हटलं तर सर्टिफिकेट अडवतील का? आणि मधेच सोडलं तर क्रेडिटचं काय? कृपया कुणी अनुभवी व्यक्तीने सांगावं.

क्यूसीवाला
टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक भागात, महापे आणि तुर्भ्याच्या लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तक्ता. तो भरू नकोस. आयएसओ १७०२५ मध्ये, म्हणजे टेस्टिंग लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, स्पष्ट आहे की निरीक्षण ज्या वेळी घेतलं त्याच वेळी नोंदवायचं आणि कुणी घेतलं ते त्यावर कळलं पाहिजे. मागच्या तारखा अंदाजाने भरणं आणि दुसऱ्याची सही मारणं हा थेट खोटेपणा आहे. उद्या त्या फ्रीजमधल्या एखाद्या सॅम्पलच्या रिझल्टवर वाद झाला तर अक्षर तुझं निघेल. भांडायची गरज नाही. एवढंच म्हण, "सर, त्या दिवशीचं रीडिंग मी घेतलेलं नाही, त्यामुळे मला भरता येणार नाही. आजपासूनचं मी रोज घेऊन माझ्या नावाने लिहीन." कोऱ्या रकान्यांचं काय करायचं ते त्यांच्या क्वालिटी मॅनेजरने ठरवावं. रीडिंग राहिलं असं लिहून, कारण देऊन, तारखेसह सही करायची रीत असते.

दुसरं, क्रोमिक अ‍ॅसिड. त्यात डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक असतं. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे, हा आता वादाचा विषय नाही. अ‍ॅसिडला टिकतील असे जाड हातमोजे, गॉगल आणि अ‍ॅप्रन मिळाल्याशिवाय त्या टबात हात घालू नकोस. ते मिश्रण बेसिनमध्ये ओतायला सांगितलं तर तेही करू नकोस.

एचपीएलसीबद्दल मात्र त्यांची थोडी बाजू आहे. अशा लॅबमध्ये प्रशिक्षण देऊन अधिकृत केलेल्या माणसानेच ग्राहकाचं सॅम्पल चालवायचं असतं, त्यामुळे इंटर्नला मशीनवर बसवत नाहीत. पण बघायला काहीच अडचण नसते. मोबाईल फेज (यंत्रातून सॅम्पल वाहून नेणारं द्रावण) बनवणं, ती ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणं, सोनिकेटरमध्ये ठेवून त्यातली हवा काढणं हे अ‍ॅनालिस्टच्या देखरेखीखाली करता येतं. पीएच मीटरचं बफर लावून कॅलिब्रेशन, वजनकाट्याची रोजची तपासणी, जुन्या क्रोमॅटोग्रामचं (एचपीएलसीतून निघणाऱ्या आलेखाचं) वाचन, एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) वाचणं, यातलं नेमकं एकेक नाव घेऊन माग. "काहीतरी शिकवा" म्हटलं की त्यांना काय द्यायचं ते सुचत नाही.

निशिगंध
इतकं समजावत बसायचं कशाला? सोड सरळ. फुकट राबवून घेणाऱ्यांना असंच चालू दिलं म्हणून सगळीकडे हीच तऱ्हा झाली आहे. अ‍ॅप्रेंटिसशिप असती तर १९६१च्या कायद्याप्रमाणे करार नोंदवून विद्यावेतन द्यावंच लागलं असतं. इंटर्नशिप म्हटलं की तेवढंही नाही.

शिक्षिका_ठाणे
राग योग्य आहे, पण सेमिस्टरच्या मध्यात सोडून दुसरी जागा मिळणं अवघड असतं, म्हणून तो निर्णय एकटीने घेऊ नकोस.

आमच्याकडे विद्यार्थी बहुतेक वेळा शेवटी येतात, तेव्हा आम्हाला काही करता येत नाही. आजच तुझ्या गाईड मॅडमना मेल कर. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, काम विषयाशी जोडलेलं आहे का हे पाहणं कॉलेजची जबाबदारी आहे. आतापर्यंतच्या तासांची नोंद, तारीख आणि केलेलं काम, डायरीत लिहून सुपरवायझरची दर आठवड्याला सही घे. मग समजा जागा बदलावी लागली तरी झालेले तास धरावेत अशी विनंती कॉलेजला करता येते. सर्टिफिकेट अडवतील ही भीती साहजिक आहे, पण तारखेनिशी सह्या असलेली डायरी आणि वेळेवर केलेला मेल हाताशी असला की कॉलेजला लॅबशी बोलायला जोर येतो.

मेलमध्ये तक्त्याची गोष्ट जशी घडली तशी लिही, विशेषणं नकोत. आणि स्टायपेंडच्या मुद्द्यात शिरू नकोस, त्याने मूळ विषय बाजूला पडेल.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तक्ता पुन्हा पुढे आला. क्यूसीवाला काकांनी सांगितलं तसंच बोलले. सर गप्प झाले, मग म्हणाले, "ठीक आहे, ठेव तिथे." आवाज चढवला नाही. संध्याकाळचं रीडिंग मी स्वतः घेऊन माझ्या नावाने लिहिलं, ६ अंश होतं.

मॅडमना मेल गेला आहे, त्या पुढच्या आठवड्यात लॅबला भेट देणार आहेत. हातमोज्यांचं विचारलं तर "मागवतो" म्हणाले. तोवर क्रोमिकचं काम करणार नाही असं सांगितलं आहे. कामांची यादी उद्या देते. निशिगंध, तुमचं म्हणणं मला पटतं, पण आधी मॅडम काय म्हणतात ते बघते.

एक विचारायचं राहिलं. आतापर्यंतचे तास भांडी धुण्यातच गेलेत, ते रिपोर्टमध्ये कसे लिहू?

क्यूसीवाला
जसे गेले तसेच लिही, पण केमिस्ट म्हणून लिही. कोणत्या भांड्याला कोणती पद्धत, क्लास ए (अचूक मापाचे) फ्लास्क गरम ओव्हनमध्ये का वाळवत नाहीत, शेवटच्या खंगाळण्याच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) का बघायची, मागच्या सॅम्पलचा अंश राहिला तर रिझल्टमध्ये काय होतं. कंडक्टिव्हिटी मीटर तिथे असणारच, उद्या धुतलेल्या दोन-चार फ्लास्कचं खंगाळलेलं पाणी मोजून आकडे घे. यादीत हे सगळ्यात वर टाक, याला कुणी नाही म्हणणार नाही. यादी द्यायच्या आधी दाखवायची असेल तर इथेच टाक, लॅबचं नाव मात्र गाळून.