मॉरिशसमध्ये मत द्यावं का? इथली राज्यपद्धत समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं नवऱ्याच्या नोकरीमुळे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मॉरिशसला आलो, इथल्या कात्र बोर्न शहरात भाड्याने राहतो, पासपोर्ट भारतीय आहे आणि इथलं नागरिकत्व घ्यायचा विचार नाही. आलो तर सगळीकडे निवडणुकीचीच धामधूम. मोठमोठ्या लोकांचे फोन टॅप केल्याच्या क्लिप रोज नव्या बाहेर पडत होत्या आणि मतदानाच्या दहा दिवस आधी सरकारने सोशल मीडियाच बंद करायचा हुकूम काढला, लोक इतके भडकले की एका दिवसात तो मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी, आणि विरोधकांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा जिंकल्या. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतः पडले, विरोधकांचे नवीनचंद्र रामगुलाम परत पंतप्रधान झाले. आम्ही खिडकीतून फटाके बघत होतो, कळत काहीच नव्हतं.

आता मूळ मुद्दा. आमच्या शेजारी एक मराठी काकी राहतात, म्हणजे इथल्याच मराठी, पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आलेले. घरात क्रिओल ही इथली बोली बोलतात पण आरत्या सगळ्या पाठ. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि लोक वाजतगाजत समुद्रावर विसर्जनाला जातात, तर त्या दिवशी त्या मला म्हणाल्या की तुमची दोन वर्षं भरली की मतदार यादीत नाव घाला, इंडियावाल्यांना चालतं. मला वाटलं गंमत करतायत. पण नाही, नवऱ्याच्या ऑफिसातही लोक तेच म्हणाले.

मग मला प्रश्न पडायला लागले. परक्या देशात मत दिलं तर आपल्या नागरिकत्वाला काही होतं का? एकाच माणसाने तीन मतं द्यायची हे काय आहे? राष्ट्रपती आहेत तर कारभार पंतप्रधान कसा चालवतात, आपल्यासारखंच का? आणि ते बेस्ट लूझर म्हणजे हरलेल्याला खासदार करतात ते का? काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "घटनेत आम्ही मराठी नाहीच गं, आम्ही हिंदूत." त्यांचा चेहरा असा झाला की पुढे विचारवलं नाही. कृपया नीट समजावून सांगा, मला न समजता शिक्का मारायचा नाही.

प्रतिसाद १

ताई, मी मॉरिशसमधल्या व्हाकवाला अकरा वर्षं काढली, आता पुण्यात परत. काकी बरोबर सांगतायत. घटनेतच आहे की कॉमनवेल्थ (बहुतेक जुन्या ब्रिटिश वसाहतींचा गट) देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण आणि निदान दोन वर्षं मॉरिशसमध्ये राहिलेला असेल तर नाव नोंदवता येतं, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे म्हणून तुम्ही त्यात बसता. मी स्वतः मत दिलंय. भारतीय नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर, नुसत्या मतदानाने नाही. उलट आपल्याकडचं मत द्यायचं तर परदेशातल्या भारतीयाला विमान पकडून गावच्या केंद्रावरच जावं लागतं, त्यामुळे मला तरी पाच वर्षांत हेच मत हाताशी होतं.

तीन मतांचं सोपं आहे. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार, आणि रॉड्रिग्ज बेटाचे दोन, झाले ६२. लोक मतदारसंघाला नंबरनेच ओळखतात, तुमचं कात्र बोर्न नंबर १८ मध्ये येतं. तुम्हाला बरोब्बर तीन नावांपुढे खूण करायची, दोनच केल्या किंवा चार झाल्या तर मत बाद. तिन्ही एकाच पक्षाची असायला हवीत असं नाही. मोठ्या पक्षांच्या निशाण्या अशा, मजूर पक्षाची (रामगुलामांचा) किल्ली, एमएमएम पक्षाचं (बेरांजेंचा) हृदय, एमएसएम पक्षाचा (जगन्नाथांचा) सूर्य. पहिल्या वेळी मी गोंधळून दोनच खुणा करून पेपर घडी घालत होतो, मग आठवलं आणि परत उघडला.

प्रतिसाद २

मी राज्यशास्त्र शिकवते, बाकीच्या प्रश्नांचं मी सांगते.

राष्ट्रपतींचं बरंचसं आपल्यासारखंच आहे. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ ला मिळालं, तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेच्या दिवसाची निवडली होती, पण तेव्हा ब्रिटनची राणीच राष्ट्रप्रमुख राहिली. प्रजासत्ताक झालं ते १२ मार्च १९९२ ला. राष्ट्रपतींना संसद निवडते आणि नाव पंतप्रधान सुचवतात, त्यामुळे ज्याच्याकडे बहुमत त्याचाच माणूस. सध्या धरम गोकुल आहेत. तरी ते पद म्हणजे नुसता शिक्का असं समजू नका, २००२ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती कासम उतीम यांनी दहशतवादविरोधी कायद्यावर सही करायला नकार दिला आणि राजीनामा देऊन घरी गेले, मागोमाग उपराष्ट्रपतींनीही तेच केलं. आणि अजून एक, देश प्रजासत्ताक झाला तरी शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायसंस्थेकडे जातं.

आता बेस्ट लूझर, याला जरा वेळ लागेल. स्वातंत्र्याच्या आधी १९६७ ची जी निवडणूक झाली ती खरं तर स्वातंत्र्य हवं की नको याचीच होती आणि ४४ टक्के लोकांनी विरोधी बाजूला मत दिलं होतं, कारण हिंदू बहुसंख्य, आपलं काय होणार ही भीती. क्रिओल (आफ्रिकी वंशाचे लोक), मुस्लिम, चिनी अशा अनेकांना ती होती. या भीतीवर तोडगा म्हणून ही पद्धत त्या निवडणुकीआधीच आणली होती. घटनेच्या परिशिष्टात चार समाज लिहिलेत, हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन, आणि ज्यांची राहणी या तिघांत बसत नाही ते सगळे जनरल पॉप्युलेशन. निकाल लागला की जास्तीत जास्त आठ जागा हरलेल्या उमेदवारांना देता येतात. पहिल्या चार पक्ष न बघता, ज्या समाजाला त्याच्या लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या त्या समाजातल्या चांगली मतं घेऊन पडलेल्याला. उरलेल्या चार अशा वाटायच्या की पक्षांचं बलाबल बिघडू नये. आठच्या आठ भरतातच असं नाही.

याचा उपयोग मोठा आहे हो. एकेका मतदारसंघात तीन-तीन जागा असल्या की लाट आली की सगळंच वाहून जातं, १९८२ ला ६०-०, १९९५ ला ६०-०, २०२४ ला परत तेच. तुम्ही फटाके बघत होता त्या रात्री पडलेल्या आघाडीचे जे दोघं नंतर संसदेत बसले ते याच दाराने आले.

पण दुखणंही इथेच आहे. समाजाप्रमाणे शेवटची जनगणना १९७२ ची, नंतर तो रकानाच काढून टाकला, तरी जागा आजही १९७२ च्या आकड्यांवर वाटतात. आणि उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायलाच हवा. काही तरुण मंडळी म्हणाली आम्ही फक्त मॉरिशियन, तर त्यांचे अर्ज बाद. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले, २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरता समाज न लिहायची मुभा मिळाली. फक्त त्या एका निवडणुकीपुरती.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार, वाचून रात्री झोप लागली नाही. म्हणजे काकी म्हणतात ते असं आहे का, की मराठी, तमिळ, तेलुगू सगळे त्या एका हिंदू रकान्यात?

प्रतिसाद २

हो. घटनेत तेवढेच चार. तमिळ, तेलुगू, मराठी हे रोजच्या बोलण्यात वेगळे धरतात, त्यांच्या संस्था वेगळ्या, शाळेत मराठी विषय घेता येतो, सणाची सुट्टी वेगळी, पण जागा वाटायची वेळ आली की एकच हिंदू. १९६८ पासून एवढे पंतप्रधान झाले, त्यात हिंदू नसलेले एकटे पॉल बेरांजे, २००३ ते २००५. बाकी सगळा काळ रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांत, दोन्हीकडे बाप-लेक. २०१७ मध्ये तर अनिरुद्ध जगन्नाथांनी निवडणूक न घेता मुलाच्या, म्हणजे प्रविंद यांच्या, हातात खुर्ची दिली. तेव्हा छोट्या समाजातल्या माणसाला आपण मोजलेच जात नाही असं वाटणं मला पूर्ण समजतं.

प्रतिसाद ३

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. कायद्याने चालतं ते ठीक, पण आपण चार वर्षांनी परत जाणार, तिथल्या माणसाला त्या सरकारखाली जन्म काढायचाय. छोट्या देशात एकेका मतदारसंघात थोड्या मतांनी निकाल फिरतो. मी दुबईला राहून आलोय, तिथे मताचा प्रश्नच नव्हता, म्हणून मला हे जास्त जाणवतं. पाहुण्याने घरच्या भांडणात बोलू नये.

प्रतिसाद १

पाहुणा कर भरतो, पाहुण्याची मुलं तिथल्या शाळेत जातात, पाहुण्याला परमिट कोण वाढवून देणार ते सरकारच ठरवतं. मी द्यायचो मत, आणि नीट वाचून द्यायचो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोन्ही बाजू पटतायत म्हणूनच अडचण झालीये. काल काकींकडे भाकरी घेऊन गेले होते आणि धीर करून सरळ विचारलं, मी मत दिलं तर तुम्हाला राग येईल का. त्या म्हणाल्या, राग कशाला, पण आमच्या भागात कोण उभं राहतं, पाण्याचा प्रश्न कोणी सोडवला, हे आधी माझ्याकडून ऐक आणि मग ठरव. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला दिवसातून काही तासच पाणी येतं, त्यांचं सगळं बोलणं तिथूनच सुरू होतं.

तर सध्या असं ठरवलंय की दोन वर्षं भरली की नाव नोंदवायचं, पुढची निवडणूक यायला अजून वेळ आहे, तोवर दर रविवारी काकींकडे बसून ऐकायचं आणि क्रिओल शिकायचं. एकच मदत अजून हवी आहे, नोंदणीची माणसं घरी येतात तेव्हा दोन वर्षं राहिल्याचा पुरावा म्हणून नुसता भाडेकरार दाखवून चालतं, का रेसिडेन्स परमिटही लागतं? करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.