मदत हवी आहे: हापूसच्या ऑर्डर फॉर्ममध्ये रक्कम कधी बरोबर, कधी भलतीच

कातळसडा · रात्री ९:१२

देवगडजवळ आमची कलमं आहेत. यंदा दलालाकडे माल न पाठवता थेट गिऱ्हाइकाला द्यायचा ठरवला, म्हणून मी स्वतःच एक साधं पान बनवलं. डझन भरायचे, खाली रक्कम दिसते, बटण दाबलं की मला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो. माझ्याकडे सगळं नीट चालतं. लोकांकडे मात्र भलतेच आकडे दिसतायत. काल पार्ल्याच्या एका ताईंनी तीन डझन मागितले. व्हायला हवे होते २६८०, त्यांना दिसले ३७६०. "भाऊ, हा काय भाव लावलाय?" म्हणाल्या आणि ऑर्डर रद्द केली. आणखी दोघांना रकमेच्या जागी नॅन (म्हणजे "हा आकडा नाही") दिसतंय.

जावास्क्रिप्टमध्ये इनपुटची व्हॅल्यू वाचायची बरोबर पद्धत कोणती? सोमवारी पहिली तोड आहे. त्याआधी हवंय, पटकन सांगा.

अर्धविराम · ९:२०

कोड टाक. इनपुटचा टाइप काय ठेवलायस? व्हॅल्यू पान उघडताना वाचतोस की बटण दाबल्यावर? नॅन आलं त्या दोघांनी चौकटीत नेमकं काय भरलं होतं?

खाडीपल्याड · ९:२४

एवढा खटाटोप कशाला? गूगल फॉर्म घे, दहा मिनिटांत होतं. मी तीन वर्षं काजूगर त्यावरच विकतोय.

कातळसडा · ९:२७

गूगल फॉर्ममध्ये रक्कम तिथल्या तिथे दिसत नाही. गिऱ्हाईक आधी रक्कम विचारतं, मग नाव सांगतं.

अर्धविराम · ९:२८

कोड?

कातळसडा · ९:४१

मी राखणीला मांगरात आहे, लॅपटॉप घरी. रेंज पण धड नाही. आठवतं तसं शब्दांत सांगतो. दोन चौकटी आहेत, मोठा आणि मध्यम. आकडा भरला की, आणि बटण दाबलं की पुन्हा, गेट एलिमेंट बाय आयडीने दोन्हीची डॉट व्हॅल्यू, म्हणजे आत भरलेलं, घेतो. मोठा गुणिले ९००, मध्यम गुणिले ७००. एकूण डझन म्हणजे मोठा अधिक मध्यम. एकूण डझन गुणिले ६० हे कुरिअर. मग सगळ्याची बेरीज. यात चुकण्यासारखं काय आहे?

सुरंगी · ९:५०

"मोठा अधिक मध्यम" इथेच चूक आहे, दादा. चौकटीतून डॉट व्हॅल्यूने जे येतं ते नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असतं, आत आकडा भरलेला असला तरी. दोन स्ट्रिंगमध्ये अधिक घातलं की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, एकापुढे एक चिकटवतं. त्या ताईंनी दोन मोठे आणि एक मध्यम भरलं असणार. दोनाला एक चिकटला, झाले २१ डझन. २१ गुणिले ६० म्हणजे १२६० कुरिअर, आंब्याचे २५००, मिळून ३७६०. तुझा आकडा तंतोतंत येतो.

गुणाकारात असं होत नाही, कारण गुणाकार म्हटलं की ते स्ट्रिंगचा आपोआप आकडा करून घेतं. म्हणून आंब्याची किंमत बरोबर येत राहिली आणि फक्त कुरिअर फुगलं. आणि एकच आकार भरला तर दुसरी चौकट रिकामी असते. दोनाला रिकामं चिकटवलं तरी दोनच. तू तपासताना बहुतेक एकच चौकट भरत होतास.

कातळसडा · ९:५८

हो! दर वेळी फक्त मोठाच भरून बघत होतो. दोन मोठे एक मध्यम, अगदी हीच ऑर्डर होती त्यांची. आता आकडा कसा करून घेऊ?

वाशिष्ठीकाठ · १०:०३

पार्सइंट लाव दोन्हीला, ते मजकुराचा पूर्णांक करून देतं. विषय संपला.

जुनो खलाशी · १०:०६

झिला, ता व्हॅल्यू-बिल्यू रवांदे. पेटी चार डझनाची की पाच डझनाची ता आदी सांग. तुझ्या फॉर्मात पेटीचा नावच नाय. आमी इतकी वर्सा फोनारच ऑर्डर घेतंव, वहीत लिवतंव. एकदाव चूक झाली नाय.

पोस्टमनचा मुलगा · १०:१५

पिन कोडही नीट तपासा. सहा अंकी असतो, पहिला अंक शून्य कधीच नसतो. देवगड ४१६६१३, रत्नागिरी ४१५६१२. त्या चौकटीला टाइप नंबर देऊ नका, नंबरवर मॅक्सलेंग्थ, म्हणजे किती अंक भरता येतील याची मर्यादा, चालत नाही, लोक आठ आकडे भरतात आणि ब्राउझर गप्प बसतो. टाइप टेक्स्ट, इनपुटमोड न्यूमेरिक, आणि पॅटर्नमध्ये पहिला अंक एक ते नऊ, पुढे पाच अंक. मुंबईचे लोक तीन अंकांनंतर जागा सोडून लिहितात, ती आधी काढून टाका.

कातळसडा · १०:१८

पिन कोड मी विचारला नव्हता, पण लिहून ठेवतो.

कातळसडा · सकाळी ७:३५

घरी येऊन पार्सइंट लावलं. दोन्ही आकार भरले की आता बरोबर येतं. पण आता नुसता मोठा भरला तरी नॅन! आधी निदान ते तरी चालत होतं. पान तात्पुरतं बंद करून ठेवलंय.

अर्धविराम · ७:५०

मी रात्रीच लिहिणार होतो. पार्सइंटला रिकामी चौकट दिली की नॅन मिळतं. नंबर हे फंक्शन वापर, ते रिकाम्याला शून्य मानतं. शिवाय पार्सइंट सुरुवातीचा आकडा घेतं आणि पुढचं गपचूप टाकून देतं. कुणी दीड डझन म्हणून १.५ लिहिलं तर तुला १ मिळेल, आणि तुम्हा दोघांनाही कळणार नाही.

वाशिष्ठीकाठ · ८:०२

पण लोक चौकटीत "२ डझन" असं लिहितात! तिथे पार्सइंट दोन देतं, तुमचं नंबर नॅन देतं. मी दुकानाच्या फॉर्मला सहा वर्षं पार्सइंटच वापरतोय. गिऱ्हाइकाला अडवून ठेवायचं नसतं.

अर्धविराम · ८:०९

अडवावंच लागतं. चुकीची रक्कम दाखवण्यापेक्षा "फक्त आकडा लिहा" असं सांगितलेलं बरं. कालच एक ऑर्डर त्यापायी गेली ना याची?

वाशिष्ठीकाठ · ८:११

ती चिकटवाचिकटवीमुळे गेली, पार्सइंटमुळे नाही.

सुरंगी · ८:३०

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. कातळसडा, कोणतंही फंक्शन लावण्याआधी तीन गोष्टी कर. आधी ट्रिम, म्हणजे मागचीपुढची जागा जाईल. मग रिकामी आहे का ते स्वतः बघ आणि असेल तर शून्य मान. भरलेली असेल तरच नंबर लाव, आणि आलेला आकडा पूर्णांक आहे का हे नंबर डॉट इझइंटिजरने तपास. नॅन, अपूर्णांक, सगळं तिथेच अडकतं. उणे आकडा मात्र वेगळा बघावा लागतो. आणि दोन्ही चौकटी शून्य असतील तर ऑर्डर पुढे जाऊ देऊ नकोस, नाहीतर शून्य रुपयांचा मेसेज येईल.

अर्धा डझन देता का तुम्ही?

कातळसडा · ८:३४

नाही, पूर्ण डझनच. आता पेट्याही नाहीत, एक आणि दोन डझनांची पुठ्ठ्याची खोकी आहेत. (खलाशीकाका, तुमचं उत्तर.)

खाडीपल्याड · ८:४०

पानावर देवगड हापूस लिहिलंयस का? हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसशील तर आधी ती कर.

वाशिष्ठीकाठ · ८:४४

आणि कर्नाटकातली फळं हापूस म्हणून विकणाऱ्यांचं काय? त्यांना कोण विचारतं?

अर्धविराम · ८:४७

त्यासाठी वेगळा धागा काढा. कातळसडा, नॅन आलेल्या त्या दोघांचं काय? त्यांना तर पार्सइंट लावायच्या आधीच येत होतं. त्यांनी काय भरलं होतं हे मी काल रात्री विचारलं, अजून सांगितलं नाहीस.

कातळसडा · ८:५५

साधा आकडाच भरला असं म्हणतात. एक माझी आत्याच आहे, खालच्या वाडीत राहते. तिचा फोनही चांगला आहे. माझ्या फोनवर तोच आकडा भरला की बरोबर येतं.

सुरंगी · ९:०१

मग तिच्या शेजारी बसून बघ. काही सांगू नकोस, तिला भरू दे.

कातळसडा · दुपारी १२:२०

सापडलं. आत्याकडे जाऊन आलो. पडवीत बसलो, तिनं चष्मा लावला, पान उघडलं. नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर बघून. मराठीत. मग डझनाच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि त्याच कीबोर्डवरून "२" दाबलं. खाली लगेच नॅन. मला म्हणाली, "बघ, मी दोनच लिहिलंय." आणि खरंच दोनच लिहिलं होतं, पण मराठी २.

मी घरी बसून इंग्रजी कीबोर्डवरून तपासत होतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं नाव मराठीत लिहितात आणि कीबोर्ड तोच ठेवून पुढे जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला मी परवा फोनवर म्हणालो होतो की तुझंच काहीतरी चुकत असेल. त्याचं फार वाईट वाटलं.

जावास्क्रिप्टला मराठी आकडे कळत नाहीत का?

अर्धविराम · १२:३५

नाही. नंबर, पार्सइंट, आपोआप होणारा गुणाकार, सगळ्यांना फक्त इंग्रजी शून्य ते नऊ कळतात. रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) अंकासाठीचा स्लॅश डीसुद्धा तेवढेच धरतो. टाइप टेक्स्ट ठेवलायस ना? हे मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं.

कातळसडा · १२:३८

हो, टेक्स्ट. आधी नंबर होतं, पण माउसचं चाक फिरलं की आकडा बदलायचा, म्हणून काढलं.

वाशिष्ठीकाठ · १२:४१

सोपं आहे. सूचना टाका, "कृपया इंग्रजी आकडे लिहा".

सुरंगी · १२:५८

आत्याबाईंनी का म्हणून कीबोर्ड बदलायचा? मराठी माणसानं मराठी पानावर मराठी आकडा लिहिला, तो वाचणं पानाचं काम आहे. आणि ते अवघडही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५, मधले ओळीने. व्हॅल्यू घेतलीस की रिप्लेसने ० ते ९ मधलं प्रत्येक देवनागरी अक्षर शोध (रेगेक्सच्या चौकटी कंसात ० डॅश ९ चालतं, पुढे जी लाव), त्याचा चारकोडअ‍ॅट, म्हणजे तो क्रमांक, घे, २४०६ वजा कर. उरतो तो अंक. हे एका छोट्या फंक्शनमध्ये ठेव आणि डझन, मोबाइल, पिन कोड तिन्हींना ट्रिमनंतर लगेच लाव.

इनपुटमोड न्यूमेरिकही दे, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल. पण त्याने तपासणी होत नाही, फक्त कीबोर्ड बदलतो. फंक्शन हवंच.

नाव कसं तपासतोस? ए टू झेड घातलं असशील तर मराठी नावं अडकतील.

कातळसडा · १:१०

नाव तपासतच नाही, फक्त रिक्वायर्ड लावलंय, म्हणजे चौकट रिकामी ठेवता येऊ नये. पण तरी कधीकधी नाव नसलेला मेसेज येतो. ते का?

अर्धविराम · १:१६

बटणाच्या क्लिकवर कोड लावलायस का?

कातळसडा · १:१७

हो.

अर्धविराम · १:२४

मग बरोबर आहे. क्लिक आधी होतं, रिक्वायर्डची तपासणी त्यानंतर. तुझं व्हॉट्सअ‍ॅप तोवर उघडलेलं असतं. कोड फॉर्मच्या सबमिटवर लाव आणि पहिल्याच ओळीत प्रिव्हेंट डिफॉल्ट कर, म्हणजे पान रिलोड होणार नाही. सबमिट तेव्हाच होतं जेव्हा ब्राउझरची तपासणी पास होते.

आणि मेसेजमधल्या रकमेवर विसंबू नकोस. ब्राउझरमधलं काहीही कुणालाही बदलता येतं. सर्व्हरवर पुन्हा तपासणी हवी.

कातळसडा · १:२६

सर्व्हर नाहीच. मेसेज मीच वाचतो.

अर्धविराम · १:२८

मग डझन बघून रक्कम स्वतः मोज आणि मगच हो म्हण.

कातळसडा · संध्याकाळी ६:०५

सगळं केलं. एक शेवटचं. चुकीचा आकडा भरला की सेट कस्टम व्हॅलिडिटीने "पूर्ण डझन लिहा" दाखवतो. पण माणसानं आकडा दुरुस्त केला तरी बटण दाबलं की तीच सूचना. काही केल्या पुढे जात नाही.

सुरंगी · ६:१४

सूचना एकदा लावली की तू काढेपर्यंत राहते, आणि ती आहे तोवर सबमिट होतच नाही. चौकटीच्या इनपुट इव्हेंटवर दर वेळी आधी रिकामी स्ट्रिंग देऊन ती पुसून टाक, मग पुन्हा तपास, चूक असेल तरच परत लाव.

कातळसडा · ७:४०

चाललं. आत्याकडे पुन्हा गेलो, तिनं मराठीत २ आणि १ भरलं, २६८० आले. मग मुद्दाम दोन्ही चौकटी रिकाम्या, दीड, "२ डझन", सगळं भरून बघितलं, सगळीकडे बरोबर अडतंय. पार्ल्याच्या ताईंना फोन करून काय चुकलं होतं ते सांगितलं. त्यांनी ऑर्डर परत दिली. सुरंगीताई, अर्धविराम, तुमच्यामुळे सोमवारची तोड निभावली.

वाशिष्ठीकाठ · ७:५२

"२ डझन" लिहिणाऱ्याला अडवलंस ना शेवटी. चौकटीच्या बाजूला डझन हा शब्द तरी मोठा छाप, म्हणजे कुणी आत लिहिणार नाही.

कातळसडा · ७:५५

हे आवडलं. आत्ताच करतो.

जुनो खलाशी · ८:१०

खोक्यात पेंढो घालतस मा? नुसत्या पुठ्ठ्यात फळ दबता. माका एक डझन मध्यम पाठव. फॉर्म मीच भरतंय, मराठीत.