पन्नाशीपुढच्या एचआयव्हीबाधितांची चाल एआरटी केंद्राने मोजावी का?

धागाकर्ता: सातमाळा
आपल्याकडे एआरटीची (एचआयव्हीला शरीरात वाढू न देणाऱ्या उपचाराची) औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून, आणि तेव्हा चाळिशीत असलेले रुग्ण आज साठीत आहेत. तपासणी मात्र वजन, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आणि टीबीची लक्षणे यांपुढे क्वचितच जाते. ‘जिना चढता येतो का’ असे विचारले की ‘चढतो की’ एवढेच उत्तर मिळते. कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात चढतात, हे त्यात येत नाही. म्हणून वर्षातून एकदा घड्याळ लावूनच मोजावे, असे माझे मत आहे. त्यासाठी जमिनीवर आखलेले चार मीटर, हात नसलेली खुर्ची आणि स्टॉपवॉच पुरते. वयानुसार स्नायू झिजण्याबाबतच्या (सार्कोपेनिया) २०१९ च्या आशियाई निकषांनुसार सेकंदाला एक मीटरपेक्षा मंद चाल, किंवा हात छातीशी धरून पाचदा उठाबसायला बारा किंवा अधिक सेकंद लागणे, ही शारीरिक क्षमता घटल्याची खूण आहे.

माजी समुपदेशक
कागदावर हे फार सोपे दिसते. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून लोक स्वतःचा जिल्हा सोडून दुसरीकडे औषधे घ्यायला जातात, आणि तुम्ही त्यांना व्हरांड्यात रांगेदेखत चालायला लावणार? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो अशा ठिकाणीच पणाला लागतो. शिवाय मोजून पुढे काय करायचे? केंद्राच्या मंजूर पदांत फिजिओथेरपिस्ट नाही.

दख्खनी
माझा आक्षेप वेगळा आहे. चाल मंदावली एवढेच आकडा सांगतो, कारण सांगत नाही. स्टॅव्हुडिन या जुन्या एचआयव्हीवरील औषधाने पायांच्या नसांना झालेली इजा औषध बदलल्यावरही काहींत टिकून राहते. टेनोफोव्हिर या दुसऱ्या औषधाने हाडांची घनता घटू शकते. एचआयव्हीबाधितांत खुब्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी मरण्याचे प्रमाणही अधिक असते. आणि कधीकधी नुसता गुडघेदुखीचा त्रास असतो. त्यात आपल्या घरांत खरी कसोटी लागते ती भारतीय शौचालयात बसून उठताना आणि जमिनीवरच्या पंगतीत, ज्याचा खुर्चीच्या चाचणीतून थांग लागत नाही.

सातमाळा
जमिनीवरून उठण्याचा मुद्दा मान्य. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. कारण आकड्यातून कळत नाही हे खरे, पण रक्तदाबाच्या आकड्यातून तरी कुठे कळते? तो बघूनच पुढची तपासणी ठरते. व्हरांड्याचा हट्ट मी धरत नाही: खुर्चीची चाचणी वजनकाट्याच्या खोलीत दार लावून होते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केंद्रांना फिजिओथेरपी विभाग त्याच आवारात मिळतो.

माजी समुपदेशक
आवार एकच असले तरी तिकडे पाठवण्याच्या चिठ्ठीवर एआरटी केंद्राचा शिक्का असतो आणि ती खिडकीवरच्या कारकुनापासून शिकाऊ विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांच्या हाती पडते. मेडिसिन ओपीडीच्या नावाने चिठ्ठी देण्याची सोय झाली, तर चाचणीला माझा विरोध नाही. तोवर ज्यांनी पडल्याची किंवा तोल जाण्याची तक्रार केली आहे त्यांचेच मोजावे, आणि तेही त्यांना विचारून.