अनुभव धागा: 'कोल्ड' म्हणजे नक्की किती थंड?

इंग्रजी मजकुरात 'कोल्ड' दिसला की बोटं आपोआप 'थंड' टाइप करतात आणि तिथेच घोळ होतो. ज्यांच्या कामात हा शब्द रोज येतो त्यांनी लिहा: तुमच्याकडे त्याचा अर्थ काय, मराठीत काय म्हणता, चूक कुठे होते.

शब्दखोर: आधी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते बघा. हवा असेल तर 'थंडी आहे', वस्तू असेल तर 'गार आहे', माणूस स्वतःबद्दल सांगत असेल तर 'मला थंडी वाजतेय'. आधी इंग्रजी 'अ' (a) लागून नाम झालं की सर्दी किंवा पडसं. 'ही इज कोल्ड'चं 'तो थंड आहे' करू नका. मराठीत थंड माणूस म्हणजे कामाला ढिला, सुस्त. इंग्रजीला म्हणायचं असतं तुटक, कोरडा. 'कोल्ड कम्फर्ट'ला कोरडी सहानुभूती जवळची, 'कोल्ड फीट'ला ऐनवेळी कच खाणं. इंग्रजी जिथे थंड पडते तिथे मराठी बऱ्याचदा कोरडी होते. आपल्याकडे डोळे निवतात, डोकं थंड ठेवतात. गारव्याशी एवढं वाकडं नाही.

डाखवाला: कोरड्यावरून आठवलं. सर्किटवर डाख (सोल्डर) नीट न धरलेल्या सांध्याला, म्हणजे 'कोल्ड जॉइंट'ला, दुरुस्तीच्या टेबलावर 'ड्राय सोल्डर'च म्हणतात. ६३/३७ कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळतो, पण सांधा पुरेसा तापला नसेल तर तो सुट्या भागाच्या पायाला (तारेला) धरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवा, पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) आणि पाय दोन्हींना एकदम टेकवा, दोन-तीन सेकंदांनी डाखाची तार सांध्याला लावा, टोकाला नाही. निवेपर्यंत पाय हलवू नका. खडबडीत, मळकट दिसला तर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात तो पदार्थ) लावून पुन्हा तापवा. बिनशिशाचा डाख मात्र चांगला असूनही मंदच दिसतो, त्यामुळे चकाकीवर निकाल देऊ नका.

स्लॅब: आमचा बांधकामातला 'कोल्ड जॉइंट' वेगळाच, आणि तो कडक उन्हात जास्त होतो! आधीचा थर घट्ट होऊ लागल्यावर त्यावर नवं काँक्रीट पडलं की दोन्ही एकजीव होत नाहीत, मधल्या रेषेतून पुढे पाणी झिरपतं. उन्हाने काँक्रीट लवकर आवळतं म्हणून धोका वाढतो. थर ३०० ते ४५० मिमीचे ठेवा, व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून दाबून बसवणाऱ्या यंत्राची) सुई खालच्या थरात १०० ते १५० मिमी जाऊ द्या, काँक्रीटच्या गाडीला उशीर होणार असेल तर रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन) आधीच मिसळून घ्या. 'थंड सांधा' असं भाषांतर वाचून कोणी काँक्रीट तापवायला जाऊ नये, एवढंच.

शीतसाखळी: बहुतेक लसींची 'कोल्ड चेन', म्हणजे कारखान्यापासून टोचेपर्यंतची थंड साठवण, २ ते ८ अंश सेल्सिअसची. 'जितकं थंड तितकं सुरक्षित' ही समजूत इथे सगळ्यात महाग पडते. धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस एकदा गोठली की त्यांचे कण गोळा होतात, आणि वितळवली तरी ती लस कामाची राहत नाही. म्हणून फ्रीझरमधले बर्फाचे पॅक लगेच डब्यात भरायचे नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की भरायचे. शंका आलीच तर त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा. मग दोन्ही हलवून शेजारी ठेवा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने खाली बसला तर ती वापरू नका.

पत्रावाला: 'कोल्ड रोलिंग' म्हणजे गारठवलेला पत्रा नव्हे. धातूचे स्फटिक ज्या तापमानाला नव्याने घडतात त्याच्या खाली केलेलं काम ते कोल्ड. त्या हिशेबाने टंगस्टन १००० अंशांवर लालभडक असताना लाटलं तरी ते कोल्ड, आणि शिसं साध्या खोलीत लाटलं तरी हॉट. कोल्ड लाटल्याने पत्रा कडक होतो, मग वाकवताना तडकतो, म्हणून मध्ये ॲनीलिंग, म्हणजे तापवून पुन्हा मऊ करणं, करावं लागतं.

शब्दखोर: म्हणजे तिथे 'थंड' लिहिणारा सरळ खोटं लिहितो. 'कोल्ड स्टार्ट'चंही तेच ना?

स्पॅनर: हो. रात्रभर उभी राहून आसपासच्या हवेइतकी झालेली गाडी सुरू करणं, बस. बाहेर ३५ अंश असले तरी कोल्ड स्टार्टच.

दिवेवाला: आमच्याकडे तर उलटा कारभार. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा 'वॉर्म', ६५०० केल्विनचा निळसर 'कूल'. तापवलेल्या वस्तूचा उजेड पिवळ्याकडून निळसर होतो तो तापमान वाढल्यावर. म्हणजे आकड्याने जो जास्त तापलेला, त्यालाच आपण थंड म्हणतो. दिवा घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा, 'कूल' या शब्दावर जाऊ नका. एकाच खोलीत दोन आकडे मिसळले की भिंतीचा रंग दोन ठिकाणी दोन दिसतो.