डोळे पिवळे की ट्यूबलाइटचा दोष?

रोहिणी, ए-४०३: कुणी जागं आहे का? ह्यांचे डोळे पिवळट वाटतायत. चार दिवस अंग मोडून आलंय, अन्नावर वासना नाही. बाथरूमच्या ट्यूबखाली बघितलं म्हणून तसं दिसत असेल का?

सुहासकाका, बी-१०२: दिव्याचा रंग असेल. उद्या बघा.

डॉ. नलिनीकाकू, सी-२०१: दिव्याखाली फसायला होतंच. सकाळी खिडकीशी उभं करा, वरची पापणी हलकेच वर ओढून खाली बघायला सांगा आणि डोळ्याचा पांढरा भाग बघा. त्याआधी एक सांगा, लघवीचा रंग कसा आहे?

रोहिणी: गडद आहे म्हणतात. पाणी कमी प्यायल्यामुळे असेल असं त्यांचं म्हणणं.

नलिनीकाकू: भरपूर पाणी पिऊनही गडदच राहिली तर ते कारण नव्हे. शौचाचा रंग? अंगाला खाज?

मिलिंद (सचिव): काकू, हे पर्सनलवर विचारलं तर?

नलिनीकाकू: मिलिंद, काविळीत शौचाचा रंग म्हणजे अर्धा रिपोर्ट असतो. ज्यांना लाज वाटते त्यांनी ग्रुप म्यूट करावा.

रोहिणी: शौच नेहमीसारखी. खाज नाही. मळमळ आहे, उजव्या बरगडीखाली जड वाटतं.

नलिनीकाकू: ठीक. अंगदुखीवर पॅरासिटामॉल किती घेतल्या?

रोहिणी: दिवसाला तीन-चार, ५०० च्या.

नलिनीकाकू: आता एकही नको, डॉक्टरांना दाखवेपर्यंत. दारू तर अजिबात नको. सकाळी जाऊन एलएफटी (यकृताची तपासणी), पीटी-आयएनआर (रक्त नीट गोठतंय का, म्हणजे यकृत काम करतंय का ते) आणि हिपॅटायटिसच्या, म्हणजे यकृत सुजवणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या. पण रात्रीत ते असंबद्ध बोलायला लागले, हाक मारून नीट जागे होईनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, उलट्या थांबेनात किंवा थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट बघू नका. मला फोन करा आणि निघा.

किरण, डी-३०४: [फॉरवर्ड] कावीळ ३ दिवसांत गायब! रिकाम्या पोटी ह्या पानांचा रस घ्या, १०० टक्के खात्री…

नलिनीकाकू: किरण, डिलीट कर. सगळ्यांना लागू होणारा कावीळीवरचा रस असूच शकत नाही, कारण कावीळ हा एक आजारच नाही, ती खूण आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पाण्यात विरघळेल असं करतं, पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाला तपकिरी रंग येतो तो त्याच्यामुळेच. आता पेशीच जास्त मोडल्या, किंवा यकृत सुजलं, किंवा पुढची पित्तनळी खड्याने वा गाठीने तुंबली, तिन्हीत माणूस पिवळाच दिसणार. नळी तुंबली असेल तर शौच पांढरट मातीसारखी होते, लघवी गडद होते, अंग खाजतं. तिथे अडथळा काढावा लागतो, रस पिऊन काय होणार?

किरण: पण आमच्या मामांना गुण आला होता.

नलिनीकाकू: हिपॅटायटिस ए बहुतेकांचा आपोआप बरा होतो. त्या काळात जे काही प्यायलं त्याला श्रेय मिळतं. आणि काही झाडपाल्याच्या औषधांनी यकृताला इजा झालेले पेशंट मी स्वतः पाहिलेत.

ओंकार, ए-१०१: माझं बिलिरुबिन कायम २ च्या आसपास. जागरण, उपास झाला की डोळे पिवळट. डॉक्टरांनी गिल्बर्ट सांगितलंय, म्हणजे जन्मतःच बिलिरुबिन थोडं जास्त, पण त्याने अपाय नाही.

नलिनीकाकू: निदान झालंय ना? मग निवांत राहा.

प्राजक्ता, बी-५०२: काकू, माझ्या छोटीचे तळहात, नाक पिवळे झालेत. गाजर-भोपळ्यावर जीव आहे तिचा. डोळे पांढरे आहेत.

नलिनीकाकू: डोळे खरंच पांढरे असतील तर कॅरोटीन, म्हणजे गाजर-भोपळ्यातलं रंगद्रव्य असणार. गाजर कमी करा, काही आठवड्यांनी उतरेल. बिलिरुबिन डोळ्यांना सोडत नाही. रक्तात ते साधारण १.२ पर्यंत असतं, अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत दिसायला लागतं.

स्नेहल, डी-१०२: आमचं बाळ पाच दिवसांचं आहे, चेहरा आणि छाती पिवळी. आई म्हणते कोवळ्या उन्हात ठेव.

नलिनीकाकू: स्नेहल, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखव. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या आठवड्यात असा पिवळेपणा येतो आणि बहुतेकांचा जातोही. पण बिलिरुबिनची पातळी मोजायलाच हवी, कारण फार चढलं तर मेंदूला इजा होते. जन्मल्यापासून २४ तासांत पिवळेपणा दिसला, किंवा बाळ दूध ओढेना, उठवलं तरी उठेना, तर तासाचाही उशीर नको. दोन आठवड्यांनंतरही पिवळं राहिलं किंवा शौच पांढरट झाली तर परत दाखवायचं. पित्तनळीचा दोष असेल तर ऑपरेशन लवकर व्हावं लागतं. उन्हाचं म्हणशील तर आई अगदीच चुकीचं सांगत नाहीत. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात न्यायच्या. एका बाळाचा उन्हात उघडा राहिलेला भाग कमी पिवळा दिसला, तिथून पिवळ्या बाळांना ज्यांच्याखाली ठेवतात ते हल्लीचे निळे दिवे आले. पण उन्हाचा डोस मोजता येत नाही, बाळ भाजतं किंवा गारठतं. म्हणून दिवे.

स्नेहल: निघतेय.

*(दुसऱ्या दिवशी दुपारी)*

रोहिणी: बिलिरुबिन ६.८. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं ते) १४०० च्या वर. आयएनआर नॉर्मल. हिपॅटायटिस ए आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे ए ची ताजी लागण. डॉक्टरांनी घरीच विश्रांती सांगितली, गोळ्या जवळपास नाहीतच. मला हेच कळेना, एवढं होऊन औषध नाही?

नलिनीकाकू: ह्या विषाणूला मारणारं औषधच नाही. शरीर स्वतः निपटतं, आपण नुसती पहारेदारी करायची. बी किंवा सी असता तर गोष्ट वेगळी होती. सी तर आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. आयएनआर नॉर्मल आहे, ही ह्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ. खायला जे जाईल ते द्या, उपाशी ठेवू नका.

सुहासकाका: परवा बाहेर जेवले होते, तेच बाधलं.

नलिनीकाकू: परवाचं नाही. लागण झाल्यापासून १५ ते ५० दिवसांनी दिसतो हा. मागच्या महिन्यात बघा.

किरण: मागच्या महिन्यात टाकीची पाइप फुटली होती!! मिलिंद??

मिलिंद: दुरुस्तीनंतर टाकी धुतली होती.

नलिनीकाकू: एका केसवरून टाकीला फाशी देऊ नका. पण नमुना तपासायला पाठवा, तोवर पाणी उकळून प्या. रोहिणी, ते पिवळे दिसायला लागले त्याआधीच्या दोन आठवड्यांत संसर्ग जास्त पसरतो, त्यामुळे आता ताट-वाटी वेगळी करून फारसं साधत नाही. साबणाने हात धुणं महत्त्वाचं. तुम्ही आणि मुलांनी लस घेतली नसेल तर ह्याच आठवड्यात विचारा, संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत घेतली तर उपयोग होतो.

मिलिंद: नमुना उद्या सकाळी जाईल. कुणाच्या घरी असाच त्रास असेल तर मला कळवा, नाव ग्रुपवर येणार नाही.

*(अठरा दिवसांनी)*

रोहिणी: आज ह्यांच्या लघवीचा रंग एकदम स्वच्छ. असा मेसेज मी कधी ग्रुपवर टाकेन असं वाटलं नव्हतं 😅 पण डोळे अजून पिवळे आहेत, काकू.

नलिनीकाकू: लघवी आधी सुधारते, डोळे मागून. बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतो, तो हळूहळूच जातो. पुढच्या आठवड्यात एलएफटी परत करा.

स्नेहल: आमचं बाळ दोन दिवस दिव्याखाली राहून कधीच घरी आलंय. आता रात्रभर जागं असतं.

सुहासकाका: ते आम्हाला भिंतीतून कळतंय.