चर्चा: बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागचा माळ नांगराखाली घातला, हे चुकलंच का?

माळरान_उत्तर
माळ ‘पडीक’ ठरला तो कंपनी सरकारच्या मोजणीने. १८३६ साली इंदापुरात सुरू झालेली ही पद्धत १८४०च्या दशकात धारवाड-बेळगावकडे आली. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे १६ आणे, म्हणजे पूर्ण प्रत; थर पातळ होईल तसे आणे खाली. मुरमाड माळावर आकार, म्हणजे सारा, एवढा हलका बसला की कुणीही औत घालावं. पवना, मारवेल ही चराईची चांगली गवतं गेली आणि मागे टोचऱ्या कुसांची कुसळी उरली.

कुरी_चाडं
अर्धंच सांगताय. याच रयतवारीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा त्या पद्धतीत, राजीनामा देऊन जमीन सोडताही येत होती. माळाचं रान काही वर्षं पेरायचं, मग गवताला सोडायचं, असा फेरा चालायचा. आणि गावं बघा कुठे बसलीत: ओढ्याकाठी, काळ्या रानाला धरून. माळावर गावठाण क्वचितच. खरी शेती काळीतच होती, आणि ती मोजणीच्या कितीतरी आधीची.

खांडवा
तुम्ही दोघं माळ आणि काळी वेगळी धरता, घोळ तिथेच आहे. पावसाळ्यात काळीत चिखल, म्हणून मेंढरं माळावर. शाळू (रब्बी ज्वारी) निघाला की तीच मेंढरं शेतात बसवायची. लेंडी-मूत जागच्या जागी. माळाचं गवत खत होऊन काळीत उतरायचं. माळ मोडला तेव्हा चराईबरोबर काळीचं खतही तुटलं. रायचूर-बळ्ळारीकडचे नवाश्मयुगातले राखेचे ढिगारे जाळलेल्या शेणाचे आहेत. या कोरड्या मुलखात गुरं आणि पीक तेव्हापासून जोडीनेच आहेत.

कुरी_चाडं
खताचं मान्य. पण शाळू आधी ओलीवर येतो. मीटरभर खोल काळी साधारण २०० मिलिमीटर ओल धरते, फूटभर मुरमात त्याच्या पावपटही नाही. म्हणून पावसाळाभर कुळवाच्या (आडव्या पात्याच्या औताच्या) पाळ्या घालून रान मोकळं ठेवायचं आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये कुरीने (पेरणीच्या औताने) पेरायचं. ओळीत १८ इंच, एकरी ४ किलो बी, मोघणाने (औतामागे धरलेल्या नळीने) मधूनमधून करडई. बी दाट पडलं की ताटं आधीच ओल पिऊन टाकतात आणि कणीस पोसत नाही. भेगा पडायला लागल्या की कोळपं (ओळींमधलं छोटं औत) घालून बुजवायच्या, नाहीतर मुळ्या तुटतात. हे सगळं माळावर करून दाखवा!

माळरान_उत्तर
म्हणजे माझंच म्हणणं झालं. जिथे हे जमत नाही तिथे नांगर नको.

कुरी_चाडं
नाही. नांगर नको म्हटलं तर काळीतला कुंदा, हे चिवट गवत, कोण काढणार? त्याची मुळं कुळवाच्या फासेला दाद देत नाहीत. जड नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपून उन्हाळ्यात ढेकळं उलथायची, तापवायची, काश्या (जमिनीतली मुळं-खोडं) वेचायच्या. आज रोटाव्हेटर फिरवतात. हरळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो.

खांडवा
रोटाव्हेटर काळीत निदान तणच वाढवतो. माळावर तो वीतभर माती भुसभुशीत करतो आणि पहिल्या वळवाच्या सरीत ती ओढ्याला जाते. वर मुरूम उरला की पवना परत धरत नाही, कुसळी धरते. तिची कुसं लोकरीत शिरून कातडीला टोचतात. बांधबंदिस्तीवर विजापूरच्या कोरडवाहू केंद्रात १९३० च्या दशकापासून काम आहे, पण ती खोल काळीसाठी. मुरमाला तशीच्या तशी लावू नका. आधी पहारीने खड्डा घेऊन थर मोजा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर ते रान मेंढरांचं.

माळरान_उत्तर
आणि ज्याचं सगळं रानच दीड फुटाच्या आतलं, त्याने काय पेरायचं?

कुरी_चाडं
हुलगा, मटकी. खरिपात, पहिल्या चांगल्या पावसावर. शाळू नाही.