रात्रभर उभी राहिली की गाडी सेल्फ फार घेते, शोध कुठून सुरू करू?

जुनी_पांढरी

नमस्कार मंडळी. माझी सेकंडहँड पेट्रोल गाडी आहे. २००९ चं मॉडेल, १.२ लिटर, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन. दीड लाख किलोमीटरच्या आसपास धावलेली आहे.

रात्रभर उभी राहिली की सकाळी हमखास त्रास देते. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी दमलीये असं अजिबात वाटत नाही, पण इंजिन पकडत नाही. सहा-सात सेकंद सेल्फ मारला की एकदम चालू होते आणि मग काहीच तक्रार नाही. आयडलिंग स्थिर, पिकअप छान, मिसिंग नाही. बंद करून लगेच चालू केली तर किल्ली फिरवताक्षणी स्टार्ट. दोनेक तास उभी राहिली तर पुन्हा तेच, पण जरा कमी. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले. तसूभरही फरक नाही. आता म्हणतात कॉइल बदलून बघू. कॉइल घेण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

मोकळा_रस्ता

थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) कधी साफ केलीये का? माझ्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगपुरती हवा सोडणारा) काजळीने जाम झाला होता आणि लक्षण बरंचसं असंच होतं. सकाळी सेल्फ मारताना अॅक्सिलरेटर अगदी हलका, बोटभर दाबून बघा. तेवढ्याने लगेच पकडली तर हवा कमी पडतेय, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या.

चौदाचा_पाना

कॉइल तूर्तास घेऊ नका. कॉइल कमजोर असती तर चढावर, लोड आल्यावर गाडी अडखळली असती. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मिसिंग नाही आणि लगेच परत चालू केली तर तक्रार नाही. म्हणजे ठिणगी ठीक आहे. ही गाडी उभी असताना काहीतरी गमावते. काय गमावते ते शोधायचं.

स्टार्टिंगची तक्रार घेऊन कोणी आलं की मी पहिल्यांदा एकच विचारतो: कधी? थंड असताना, गरम असताना, की किती वेळ उभी राहिली त्यावर? अर्धं निदान या उत्तरात असतं, आणि नेमकं तेच न विचारता पार्ट बदलले जातात याचा मला मनापासून राग येतो. गरम इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्टच होत नसेल, तर मी आधी इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घेतला असता. स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतो का ते पाहिलं की कळतं. तुमचं तसं नाही. तुमचं सगळं उभं राहण्याच्या वेळेवर आहे. जास्त वेळ उभी, जास्त सेल्फ. म्हणून माझा पहिला संशय फ्युएल लाइनमधल्या प्रेशरवर.

एमपीएफआयमध्ये पंप टाकीत असतो. इंजिन बंद झाल्यावरही लाइनमध्ये प्रेशर टिकून राहावं म्हणून पंपाच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळत असला की पाइप रिकामा होतो आणि पाणी यायला वेळ लागतो, अगदी तसंच इथे घडतं. लाइन रिकामी, इंजेक्टरपर्यंत पुरेसं प्रेशर नाही, आणि ते तयार होईपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसता.

याची तपासणी फुकट होते. उद्या सकाळी किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद गुं आवाज येईल आणि थांबेल. किल्ली बंद करा, काही सेकंद थांबा, पुन्हा ऑन. असं तीन वेळा केल्यावर सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर प्रेशर उतरतंय. तरीही तितकाच वेळ घेतला तर प्रेशरचा विषय मागे ठेवून दुसरीकडे बघायचं.

पंपाचा आवाजच आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा.

आणखी एक, स्कॅनर मिळाला तर. रात्रभर उभ्या गाडीत सेल्फ मारण्याआधी कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही रीडिंग बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा २२ अंश आणि कूलंट ६० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन गरम आहे, मग तो थंड इंजिनला लागणारं जास्तीचं पेट्रोल देतच नाही. अशा वेळी दिवा लागेलच असं नाही, कारण ६० हा आकडा ईसीयूच्या दृष्टीने अशक्य नसतो.

बॅटरी नवीन आहे, पण अर्थिंग जुनंच असणार. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी सोडवून घासून घट्ट करा. तुमचा सेल्फ जोरात फिरतोय म्हणता, त्यामुळे इथे काही सापडेल असं वाटत नाही.

मोकळा_रस्ता यांनी सांगितलेली हलक्या अॅक्सिलरेटरची युक्तीही करून बघा, फक्त वेगळ्या सकाळी. दोन्ही एकदम केलं तर कशाने चालू झाली ते कळणार नाही.

डिझेल_एके_डिझेल

ज्यांच्याकडे जुनी डिझेल आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्याकडे हाच प्रकार बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा घुसल्याने होतो. फिल्टरनंतर थोडा पारदर्शक पाइप जोडून बघा, सकाळी बुडबुडे दिसले तर गळती सापडली. पेट्रोलसारखा थेंब बाहेर पडेलच असं नाही, कारण त्या भागात पंप डिझेल ओढत असतो. फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. आणि फक्त थंडीत त्रास होत असेल, चालू होताना पांढरा धूर येत असेल, तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिनचे सिलिंडर तापवणारे) एकेक करून तपासा.

जुनी_पांढरी

करून पाहिलं. काल हलका अॅक्सिलरेटर दाबला, काही उपयोग नाही, नेहमीइतकाच वेळ. आज किल्ली तीनदा ऑन-ऑफ केली आणि सेल्फ मारला, अर्ध्या सेकंदात चालू! ही गाडी घेतल्यापासून सकाळी अशी कधी चालू झालेली आठवत नाही. तापमानाची दोन्ही रीडिंग एका अंशाच्या फरकाने सारखी आहेत.

म्हणजे पंप बदलायचा का?

चौदाचा_पाना

अजून नाही. प्रेशर उतरतंय एवढंच सिद्ध झालं. कुठून उतरतंय ते बाकी आहे. पेट्रोल मागे टाकीत परत जात असेल किंवा पुढे एखाद्या इंजेक्टरमधून थेंब थेंब सिलिंडरमध्ये गळत असेल. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ते पेट्रोल सिलिंडरची भिंत धुतं आणि ऑइलमध्ये उतरतं. त्यात चालू होताना सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, प्लग काढला तर ओला निघतो, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर लवकर पकडते, कारण बऱ्याच गाड्यांत तसं केल्यावर ईसीयू सेल्फ मारताना इंजेक्टर बंद ठेवतो. तुमच्याकडे धूर-वास आहे का?

नसला तरी प्रेशर गेज लावाच. गॅरेजला सांगा, पार्ट नको, प्रेशर मोजून द्या. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, अशा बऱ्याच इंजिनांत तो ३ बारच्या आसपास असतो. मोजायचा तो आकडा उतरण्याचा वेग. पंप चालवून प्रेशर बनवायचं, किल्ली बंद, आणि काटा बघत राहायचं. थोडं उतरून स्थिरावला तर चालेल. पाच-दहा मिनिटांत शून्यावर आला तर गळती मोठी आहे. मग पुन्हा प्रेशर बनवून टाकीकडून येणारा रबरी पाइप गेजच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला, चिमट्याने दाबून बंद करायचा. आता काटा थांबला तर गळती टाकीकडे. तरीही उतरत राहिला तर इंजेक्टर, किंवा रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह, असेल तर तो. चिमटा फक्त मऊ रबरी पाइपला लावायचा. कडक प्लास्टिकचा पाइप दाबलात तर तडकेल.

हे घरी करणार असाल तर कळकळीने सांगतो, लाइन तशीच उघडू नका. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे प्रेशर उतरेल. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जोडाला फडकं गुंडाळून सावकाश उघडा. उघड्यावर काम करा, गरम इंजिनवर नको, आणि जवळपास पेटता दिवा, विडी-सिगारेट काहीही नको.

जुनी_पांढरी

धूर नाही, वास नाही, प्लग कोरडे आहेत. गॅरेजमध्ये समोर उभं राहून गेज लावून घेतलं. प्रेशर ३ बार, सुमारे सहा मिनिटांत शून्य. रबरी पाइप दाबल्यावर काटा जागचा हलला नाही. म्हणजे टाकीकडेच. पंपाचं पूर्ण मॉड्यूल (टाकीत बसणारा, पंपासकटचा अख्खा संच) बदलायला सांगताहेत.

चौदाचा_पाना

मॉड्यूल बाहेर काढा, पण नवीन आणण्याआधी ते नीट बघा. पंप गाडीला पेट्रोल पुरवतोय, तुमचा पिकअप चांगला आहे, त्यामुळे मोटर मेलेली नाही. पंपाच्या तोंडापासून मॉड्यूलच्या झाकणापर्यंत एक छोटा पन्हाळीदार पाइप जातो. त्याची दोन्ही टोकं आणि तिथल्या ओ-रिंग तपासा. जुन्या गाडीत पाइप पन्हाळीच्या खोबणीत बारीक चिरतो. नुसतं बघून दिसत नाही, वाकवला की फट उघडते. तुमच्या गाडीत रेग्युलेटर मॉड्यूलवरच असेल तर त्याचीही ओ-रिंग बघा. हे सगळं धड निघालं तर मात्र एकेरी व्हॉल्व्हच गेला, आणि तो सहसा पंपासोबतच येतो, सुटा मिळत नाही.

काढण्याआधी टाकीत पेट्रोल कमी असू द्या आणि झाकणाभोवतीची माती ब्रशने नीट काढा, नाहीतर सगळी टाकीत पडेल.

जुनी_पांढरी

सापडलं! पाइप वाकवला आणि झाकणाकडच्या टोकापासून दोन बोटं अंतरावर चीर दिसली, नखाएवढी. पंप, रेग्युलेटर, ओ-रिंग सगळं ठीक आहे. मेकॅनिक म्हणतो की इंजिनकडे वापरतात तो रबरी फ्युएल पाइप कापून बसवतो, क्लॅम्प लावला की झालं. बसवू का?

चौदाचा_पाना

नको. तो पाइप आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही. टाकीत तो सतत पेट्रोलमध्ये बुडालेला राहणार, बाहेरचा थर फुगून मऊ पडेल आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतील. टाकीत बुडवून वापरण्यासाठी वेगळा पाइप मिळतो. तोच मागा, त्यावर एसएई जे३०आर१० असं छापलेलं असतं. तो मिळाला नाही तर तुमच्या मॉड्यूलचा मूळ पन्हाळीदार पाइप शोधा. झाकणाची मोठी सील रिंग नवीन टाका, जुनी फुगलेली असते आणि परत खोबणीत बसत नाही. सगळं बसवल्यावर गेज पुन्हा लावून अर्धा तास काटा बघा, आणि मगच मागची सीट लावा.